हातवारेचे हात

"हे काय आहे?" बाईंनी पाण्याचा पेला उचलून विचारलं.

हातवारेने पेल्याकडे नीट बघितलं, मग बाईंकडे बघितलं आणि अगदी खात्रीने म्हणाला, "खिडकी."

"परत एकदा बघा हं. घाई नाही. हे काय?"

"खिडकी," तो म्हणाला. मग त्याचा त्यालाच काहीतरी घोटाळा वाटला. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, थांबले, परत हलले. "नाही... ते... खिडकी."

त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तोंडावर हात दाबला. आदल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस मला शिव्या घालत होता, जेवताना माझ्या डब्यातलं उचलून खात होता, आणि आज त्याला पेल्याला पेला म्हणता येईना! मी म्हणालो, "अरे, थट्टा पुरे आता. बाईंचा वेळ जातोय." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. तो थट्टा करत नव्हता.

मी क्रेन चालवतो. उंच बसतो आणि दिवसभर बडबडतो, म्हणून कामावर मला कावळा म्हणतात. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं सगळं काही दिसत नाही. माल कुठे टेकतोय, आडोशाला कोण उभं आहे, ते खालचा माणूस बघतो आणि हातांच्या खुणांनी वरच्याला सांगतो. माझा खालचा माणूस म्हणजे हा. खुणा करून करून त्याचं नाव हातवारे पडलं. नवीन आलेले लोक तर ते त्याचं आडनावच समजायचे आणि 'हातवारेसाहेब' म्हणून नमस्कार करायचे. माझ्या उमेदीची सगळी वर्षं मी या माणसाच्या दोन हातांकडे बघत काढली आहेत. आमच्या कामात नियम एकच: मालाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. हात म्हणाला खाली, की खाली. मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही.

त्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हाही मी हातच बघत होतो. लोखंडी तुळई हवेत होती. त्याचा वर धरलेला उजवा हात सावकाश खाली यायला लागला. मी म्हटलं, आज फार जपून उतरवतोय गडी. मीही तुळई तितक्याच सावकाश खाली घेतली. तुळई जमिनीला टेकली आणि तिच्या पाठोपाठ हाही जमिनीवर बसला. बसला तो उठेचना.

हातात ताकद लवकर परत आली. पायही चालायला लागला. गेलं ते बोलणं. शब्द यायचे, पण भलतेच यायचे, आणि पुष्कळदा काहीच यायचं नाही.

"यांच्या जिभेला काही झालेलं नाही," बाई आम्हाला सांगत होत्या. त्या दवाखान्यात अशाच माणसांना पुन्हा बोलायला शिकवायच्या. "आणि बुद्धीलाही नाही. यांना पेला कळतो, तहान कळते. मनातली गोष्ट आणि तिचा शब्द, यांचा सांधा निखळलाय. तुम्ही घरच्यांनी एवढंच करा, एका वेळी एकच गोष्ट बोला आणि मग थांबा. यांच्या वाटचं बोलून टाकू नका."

"बाई, तुम्ही काळजीच सोडा," मी म्हणालो. "तोंड गेलं तर गेलं. याचे हात बोलतात. आम्ही दोघं कामावर तोंडाने बोलतोच कुठे?"

"खुणा हीसुद्धा भाषाच असते हो," बाई म्हणाल्या. "तिचीही तीच गत झालेली असू शकते. आधी तपासून बघू या."

घ्या! क्रेनच्या सावलीतून कधी चालल्या नसतील आणि मला खुणा शिकवतायत. मी त्यांच्यासमोरच हातवारेपुढे उभा राहिलो, तर्जनी वर करून गोल फिरवली. आमच्याकडे याचा अर्थ 'उचल'. त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, त्याचा चेहरा उजळला, आणि त्याने तर्जनी वर करून गोल फिरवली. मी तळवा पालथा करून खाली हलवला, म्हणजे 'उतरव'. त्यानेही हलवला.

"बघितलंत?" मी ओरडलोच. "वहिनी, बघितलंत ना? आहे! आपला माणूस आहे तिथेच!"

वहिनी रडता रडता हसायला लागल्या. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हो," म्हणाल्या. मी छाती पुढे काढून घरी गेलो.

मग मीच त्याचा दुभाष्या झालो. काम सुटलं की त्याच्या घरी. वहिनी विचारायच्या, "चहा हवा का?" मी त्याच्याकडे बघून बोट वर करायचो, तोही करायचा. "हवा म्हणतोय." त्या दिवसांत बिचारा किती चहा प्यायला, देव जाणे. "गच्चीत बसायचं का?" बोट वर. "बसायचं म्हणतोय." "झोपायचं का?" तळवा खाली. "झोपतो म्हणतोय." कधीकधी तो माझा हात झटकून टाकायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मी वहिनींना सांगायचो, "दमलाय." मला सगळंच कळत होतं ना!

इकडे ऑफिसात कुजबुज सुरू झाली. बोलता न येणारा माणूस कामावर कसा ठेवायचा? मुकादम मनाने चांगला. मी त्याच्यामागे हात धुऊन लागलो.

"अरे कावळ्या, साहेब ऐकणार नाही," तो म्हणाला.

"मागच्या यार्डात छोटी क्रेन आहे. तिथे फक्त खुणाच लागतात. तू स्वतः एकदा बघ तर खरं. नाही जमलं तर माझे कान काप."

"तुझे कान घेऊन काय करू? बरं, सुट्टीच्या दिवशी आण त्याला. रिकामी बकेट उचलून दाखवा. जमलं तर मी साहेबाकडे शब्द टाकतो."

त्या एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं. नोकरी तर होतीच. पण वहिनी मला दारात गाठून म्हणाल्या होत्या, "नोकरीचं एवढं नाही हो भाऊजी. त्यांचं काय चाललंय मनात ते कुणाला तरी कळतंय, एवढं मला दिसू द्या. मी आता भिंतींशी बोलून थकले." मी म्हटलं, "अहो, ते तर मी डोळे मिटून दाखवीन."

सुट्टीच्या दिवशी हातवारे तयार होऊन बसला होता. दाढी त्याने स्वतः केली होती, हनुवटीवर जरा कापलं होतं. कामाचे बूट पुसले होते. यार्डाचं फाटक दिसलं तशी त्याची चाल बदलली, मान वर झाली. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

यार्डात मध्यभागी सिमेंटच्या ठोकळ्यांची उंच रास होती. बकेट उचलायची, राशीवरून पलीकडे न्यायची आणि माझ्या उजव्या बाजूच्या ओट्यावर ठेवायची. डावी बाजू मोकळी होती. मुकादमाने वहिनींना तिकडे लांब प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. रास मध्ये असल्यामुळे केबिनमधून मला पलीकडची जमीनच दिसत नव्हती. पण हातवारे राशीच्या टोकाला उभा होता, त्याला दोन्हीकडचं दिसत होतं, आणि मला तो दिसत होता. आणखी काय हवं?

मुकादम त्याच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "हं, उचला," आणि त्याने बोट वर फिरवलं. हातवारेनेही फिरवलं. बकेट उचलली. मुकादम हसला आणि बाजूला झाला. "आता तुझं तू."

हातवारेने ओट्याकडे बघितलं. बरोबर उजवीकडे बघितलं. आणि हात केला डावीकडे.

मी क्रेन डावीकडे फिरवली. हात म्हणेल ते. तो दचकला. डोकं जोरजोरात हलवलं, डोळे ओट्यावर ठेवून पुन्हा हात केला, आणखी जोरात, पुन्हा डावीकडेच. मी आणखी डावीकडे घेतली. क्रेनलाच वेड लागलंय अशा नजरेने तो बकेटकडे बघत होता. मग त्याने दोन्ही हात वर केले, ते हवेत घुटमळले, एक तळवा पालथा झाला आणि खाली, खाली, खाली हलायला लागला. त्याचा चेहरा सांगत होता 'थांब'. तो चेहरा मी बघितला. बघितला आणि तरी बकेट खाली सोडली, कारण हात म्हणत होता खाली.

राशीमागे काड्कन आवाज झाला.

"थांब! अरे थांब!" मुकादमाची किंकाळी आली.

मी केबिनमधून कसा उतरलो ते मला आठवत नाही. राशीला वळसा घालून धावलो. बकेटखाली खुर्चीचा चुरा झाला होता. एक पाय उडून भिंतीपाशी पडला होता. आणि वहिनी हातभर अंतरावर उभ्या होत्या, पाण्याची बाटली हातात घट्ट धरून. नवरा डोकं हलवतोय, त्याला काहीतरी होतंय, असं वाटून त्या नुकत्याच उठल्या होत्या.

हातवारे चालत आला. त्याने खुर्ची बघितली, वहिनींना बघितलं. मग स्वतःचे हात समोर धरले, आधी पालथे, मग उताणे, आणि त्यांच्याकडे बघत राहिला. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. आधी मी बोट वर करत होतो, मग तो करत होता. आज मुकादमाने केलं, मग त्याने केलं. इतके दिवस तो मला काही सांगतच नव्हता. माझंच मला परत मिळत होतं.

आणि तोंड बंद ठेवावं की नाही? मी सुरूच झालो. "माझीच चूक! ऊन डोळ्यांवर आलं. ब्रेकही जरा... तो बरोबरच सांगत होता, मुकादम, आईशप्पथ."

"कसला बरोबर? मी काय आंधळा आहे?" मुकादम ओरडला. "त्यालाही कळलंय. त्याला म्हणायचंय, की आता हे काम नको."

"त्यांना घरी जायचंय," वहिनी म्हणाल्या. "घरी नेऊ या त्यांना. बघा कसे झालेत."

"नाही वहिनी, त्याला पुन्हा एकदा करून बघायचंय! मी ओळखतो ना त्याला! त्याला म्हणायचंय की..."

"गप."

आम्ही वळून बघितलं. हातवारेने हात खाली सोडले होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. सणसणीत, जुना, ओळखीचा राग.

"गप," तो पुन्हा म्हणाला. मग वहिनींकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं. "गप."

आम्ही गप्प झालो.

"मी," तो म्हणाला.

पुढचं येईना. गळ्याची शीर ताठली. ओठ जुळले, सुटले. मला एकदम किती शब्द सुचले! घरी, चुकलो, करतो, नको. सगळे अगदी जिभेवर आले. मी ते दातांखाली धरून ठेवले. वहिनी पुढे व्हायला निघाल्या आणि त्यांच्या त्याच थांबल्या.

क्रेनचं इंजिन मागे धडधडत होतं. मुकादम पाय न वाजवता केबिनकडे गेला आणि त्याने ते बंद केलं. यार्ड शांत झालं.

"मी," हातवारे म्हणाला आणि पुढचा शब्द शोधायला लागला. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो.