मखमलीआडचा दिवा

तुम्ही मला पाहिलंय, फक्त तुमच्या लक्षात नाही. विमानाच्या दारावर लाल अक्षरांत 'बाहेर' एवढाच शब्द मिरवणारा एक चौकोनी दिवा असतो ना, तो मी. तुम्ही माझ्याखालून आत येता आणि तेव्हा तुमची सगळी नजर खिडकीशेजारची जागा कोणी बळकावली यावर असते.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्या जन्मल्या मला भट्टीत शेकलं, बर्फात गोठवलं, मग यंत्राला बांधून गदागदा हलवलं आणि वर विचारलं, "लागतो का बघ." लागलो. तेव्हा कुठं मला पास केलं. माणसांच्या पोरांना पाळण्यातच असल्या परीक्षा असत्या, तर शाळेचं तोंड कोणी पाहिलं नसतं.

काम म्हणाल तर सोपं. विमानातली वीज गेली की स्वतःच्या बॅटरीवर पेटायचं आणि चाचपडणाऱ्याला दार दाखवायचं. वीज आहे तोवर गप्प. शेजारचे वाचायचे दिवे मला टोमणे मारायचे, की आम्ही रोज राबतो आणि हे महाराज नुसते बसून खातात.

आधी मी साध्या प्रवासी विमानात होतो. उड्डाणाआधी हवाईसेविका हात लांबवून माझ्याकडे बोट दाखवायची आणि सगळे मोबाईलमध्ये बघायचे. एकदा एका काकांनी मान वर केली तेव्हा मला भरून आलं. काका एसीची हवा स्वतःकडे वळवत होते.

पुढं ते विमान एका उद्योगपतीनं घरच्यांसाठी विकत घेतलं. रांगेतल्या खुर्च्या गेल्या, कोच आले, गालिचे आले, कोटांसाठी माणूसभर उंचीचं कपाट आलं. मालकांनी म्हाताऱ्या आईसाठी मागच्या दाराजवळ एक मऊ खुर्ची स्वतः बसून बघून निवडली. मग त्यांची नजर वर गेली.

"माझ्याच विमानात मला 'बाहेर' म्हणणारा हा कोण?"

सजावटकाराला तेवढंच हवं होतं. त्याला मी पहिल्या दिवसापासून डोळ्यात सलत होतो. त्याने दारावर जांभळ्या मखमलीचा पडदा सुचवला. दारही झाकेल, मीही झाकेन. पण नियम आडवा आला. वाटेत उभ्या असलेल्या माणसाला मी दिसलोच पाहिजे, असं त्यात साफ लिहिलं आहे.

"नियम असला की सूट असतेच, भाऊजी," मालकांचा मेहुणा म्हणाला. जगातली सगळी कामं त्याला आधीपासून येत होती.

सूट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गरिबानं नियम वाकवला तर गुन्हा, बड्यानं अर्ज करून वाकवला तर सूट. मेहुण्याने अर्जात लिहिलं की प्रवासी सगळे घरचेच आहेत, विमान त्यांना तळहातासारखं ठाऊक आहे, दिव्याची गरज नाही. वाचून मी मनातल्या मनात पेटलो. बाहेरून पेटायला वीज जावी लागते.

तपासणीला विमान खात्याच्या एक बाई आल्या. वयाने कोवळ्या, आवाजाने नाही. वरिष्ठांनी त्यांना बघून या आणि सही करून टाका, असं सांगूनच धाडलं होतं. त्यांनी सही केली नाही. दिवा झाकूनही माणसं तितकीच सुखरूप बाहेर पडतात हे सिद्ध झालं तरच सूट मिळते, म्हणाल्या, तेव्हा दाखवा.

"डोळे मिटून जाईन, मॅडम," मालक म्हणाले.

"उघडेच ठेवा. फरक पडणार नाही."

भर दुपारी विमान हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या गोठ्यात, नेलं. हँगरची दारं लावली, खिडक्यांच्या झडपा ओढल्या, माझ्यावर पडदा सोडला. पुढच्या दाराशी आग आहे असं समजा आणि मागच्या दारापाशी जमा, एवढं सांगून बाईंनी वीज घालवली.

मी पेटलो. इतक्या वर्षांनी पेटलो आणि समोर काय, तर मखमलीचं अस्तर. माझी अक्षरं, माझा उजेड, सगळं त्या पडद्याने पिऊन टाकलं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मेहुणा "हे काय दार" म्हणत संडासात शिरला आणि सवयीने त्याने आतून कडी लावली. सजावटकार थेट माझ्यापर्यंत पोचला होता, पण आपल्याच पडद्यात गुरफटला, ही भिंत आहे म्हणाला आणि परत फिरला. मालक कोणाशी तरी झटापट करत होते. ते कोट होते.

बाईंनी टॉर्च लावला आणि माझ्यावरचा पडदा जरा बाजूला सारला. मागच्या खुर्चीत आई मांडीवर हात ठेवून तशाच बसलेल्या.

"आजी, तुम्ही उठला नाहीत?"

"कुठं जाऊ, बाई? काही दिसेना. बाळू येईल न्यायला, म्हणून बसून राहिले."

बाळू कपाटातून बाहेर आला. कॉलरला कोटाचा हँगर लटकत होता. एरवी हसून सगळ्यांची पोटं दुखली असती, पण कोणी हसलं नाही. आईने नुसती दोन पावलं टाकली असती तरी दाराला हात लागला असता, इतक्या जवळ ते होतं.

"आई, मी कपाटात होतो," मालक म्हणाले.

"कळलं मला. कोट पडल्याचा आवाज आला."

संडासातून मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, पहिला नंबर कोणाचा?"

वीज परत आल्यावर मालकांनी पडदा उतरवायला सांगितला. सजावटकार चुळबुळत म्हणाला, "सर, निदान अक्षरं तरी फिकट करू." त्यावर मालकांनी स्वतःच पडद्याला हात घातला. पडदा दांडीसकट खाली आला. मग त्यांनी बाईंना पुन्हा वीज घालवायला सांगितली आणि सगळ्यांना गप्प उभं केलं. स्वतःही जागचे हलले नाहीत.

अंधार झाला. मी पेटलो. आईंचा चेहरा माझ्याकडे वळला, अगदी माझ्याकडेच. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या, गालिच्यावरून पाय घासत माझ्याखाली आल्या आणि त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या.

अर्ज मागे घेतला गेला. मी अजून त्याच दारावर आहे. सजावटकार विमानाचे फोटो काढताना कॅमेरा तिरका धरतो, म्हणजे मी येत नाही. येऊ नये. मला फोटोत यायचंच नाही.

सूट मागणाऱ्यांनो, माझं एक ऐका. अर्ज लिहिण्याआधी दिवे घालवा आणि घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला एकट्याने उठायला सांगा. मग सही करा, हात धजावला तर.

आणि बाकीच्यांनो, पुढच्या प्रवासात बसल्या बसल्या एकदा मान वर करा. दार कुठं आहे ते बघून घ्या. मग खुशाल झोपा. मी जागा आहे.