बंधाऱ्यावर चढणारे मासे

सकाळी सहाला, तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका नदीत, नव्या बंधाऱ्यावर मासे चढू लागले.

बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं. समुद्रातून आलेली. पोटावरच्या चकतीने चिकटत, तोंडाने पुढची पकड घेत ती भिंतीलगतच्या ओल्या उतरणीवर सरकत होती. इतकी होती की उतरणच हलते आहे असं वाटे.

पाटबंधारे कार्यालयाचे प्रमुख त्साओ साहेब हातातलं सोयादूध प्यायचं विसरले.

उतरण फान यी-चेनने आखली होती. ती स्थापत्य अभियंता. पण पदव्युत्तर शिक्षणात तिच्या वर्गात जीवशास्त्राची मुलंही होती. त्यांच्याबरोबर एक अख्खा वसंत तिने गुडघाभर पाण्यात काढला, पिल्लांना धबधबा चढताना पाहिलं. त्यानंतर तिला नुसती सरळ भिंत आखता येईना. कार्यालयात तिला ‘मासेवाली’ म्हणत. आज पिल्लं उतरणीच्या वरच्या काठापर्यंत पोचली, तर नदीत वरच्या अंगाला होणाऱ्या तिन्ही बंधाऱ्यांना अशी उतरण मिळणार होती. नाही तर साध्या भिंती. निर्णय त्साओ साहेब आजच घेणार होते.

काठापासून हातभर खाली रांग थांबली.

“दमली का गं?” त्साओ साहेबांनी विचारलं.

यी-चेनने वाकून हात फिरवला. वरचा पट्टा गुळगुळीत होता. त्यावर पाणी पसरत नव्हतं; एकाच धारेत सुसाट येत होतं, बाकी सगळं कोरडं.

“लो काका, हे कुणी घोटलं?”

“मीच की!” लो मिस्त्रीने तोंडातली सुपारी गालात सारली. “साहेब पाहणीला येणार. तुझा तो ओबडधोबड गिलावा बघून म्हणाले असते, लो म्हातारा झाला, हात थरथरतो.”

“आरसा केलात हो काका.”

“केलाय ना!” तो खुलला. मग खाली थबकलेल्या पिल्लांकडे त्याची नजर गेली. “छिन्नी आणू?”

“नको, हादऱ्याने सगळी पडतील. गोणपाट आहे?”

दोघांनी भिजवलेलं गोणपाट वरच्या काठावरून खाली सोडलं, दगड ठेवून दाबलं. पाणी त्यातून झिरपत पसरलं. बराच वेळ काही हललं नाही. मग एक पिल्लू गोणपाटावर आलं. त्याच्या मागे आणखी.

“अरे बापरे,” त्साओ साहेब पुटपुटले आणि चांगल्या पँटसकट ओल्या काँक्रीटवर बसले. “ह्यांना कोण शिकवतं हे?”

“मला ह्यांनी शिकवलं, साहेब.”

आठ वाजता ऊन उतरणीवर आलं. गोणपाटाची एक कड वाळू लागली होती. लो मिस्त्री ओंजळीने तिच्यावर पाणी घालत होता. सगळ्यात पुढचं पिल्लू काठापासून वीतभर खाली होतं. त्साओ साहेब अजून उठले नव्हते.