खराब दगड म्हणे!

“दगडच खराब निघाला. दुसरं काय!” माझ्या उजव्या कानाशी वाकून कारागीर पुटपुटला. रागानं मी दातओठ खाल्ले असते. पण माझे ओठ त्या वेळी त्याच्या हातातल्या टोपलीत होते. नाक, मिशा आणि एक डोळाही तिथेच.

मित्रांनो, मी एक जुना दगडी ससा आहे. डोंगराच्या वयानं जुना. ससा होऊन फार दिवस झालेले नाहीत. दगडाला राग येत नाही असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते आजच विसरा.

खाणीत मी आडवा निजलेला होतो. थरावर थर, मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे. आमच्या दगडाची अट एकच: खाणीत निजवलं होतं तसंच बाहेर बसवा. थर आडवे राहिले, तर पाऊस अंगावरून ओघळून जातो. उभे केलेत, तर पाणी फटीत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि अख्खा थर सुटून येतो. इतकं साधं आहे.

कारागिराला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ओल्या दगडावर थरांच्या रेषा उमटतात, म्हणून तो तांब्याभर पाणी ओतून बघायचा आणि वरच्या बाजूला खडूनं बाण काढायचा. हल्लीही ओतायचा. डोळे बारीक करायचा, “हं” म्हणायचा आणि बाण काढायचा साफ चुकीचा. मग तो चहाला आत गेला की त्याची मुलगी पहारीनं दगड योग्य कुशीवर वळवायची, बाण पुसून नवा काढायची. बाहेर येऊन हा म्हणायचा, “बघ, कसा झोकात बसलाय!” ती म्हणायची, “हो बाबा.”

पुढचं कोरीवकाम तो बोटांनी करायचा आणि ते मात्र अव्वल. माझी एकेक मिशी त्यानं चाचपून काढली. ते श्रेय मी नाकारणार नाही. रागावलो आहे, कृतघ्न नाही.

माझ्या वेळीही मुलीनं मला बिनबोभाट सरळ केलं आणि पक्ष्यांच्या पाण्याची एक दगडी कुंडी पोचवायला ती निघून गेली. मागून भट्टीवरून तिची आई आली. घरातल्या सगळ्या छिन्न्यांना धार लावायचं काम तिचं. लोखंडाचा रंग बघून ती अचूक पाणी देते. दगडातलं मात्र तिला ओ की ठो कळत नाही. पोरगी घाईत दगड फिरवायला विसरली असणार, असं तिला वाटलं. तिनं पहार घातली, पदर खोचला आणि मला पुन्हा दुसऱ्या कुशीवर वळवलं! बाणही पुसून नवा काढला. झालं! माझे थर उभे. दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही, कारण सांगायचं तर मूळ गोष्ट तोंडानं उच्चारावी लागली असती. तेवढं सोडून त्या घरात सगळं बोललं जातं.

एका बाईंच्या बागेत, गुलाबाच्या ताटव्याशी मला बसवलं. वसंतात येणारा-जाणारा माझे कान कुरवाळायचा. “जिवंत वाटतो हो!” उन्हाळ्यात शेजारची मांजर माझ्या पाठीवर झोप काढायची. पानगळीत मी पाल्याखाली गडप झालो, तेव्हा कुणी विचारपूसही केली नाही. आणि पावसाचं पाणी आत मुरत राहिलं. मग कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी माझं तोंड, अगदी पोळी सुटावी तसं, अंगापासून सुटलं आणि ताटव्यात पडलं.

बाईंनी मला जुन्या स्वेटरात गुंडाळून हातगाडीवरून परत आणलं. कारागिरानं तडक निरोप धाडला तो खाणवाल्याला, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाला. आयुष्यभर ह्या अंगणात त्याच्याच खाणीतला दगड आला आहे.

“सडका दगड घातलास माझ्या गळ्यात!”

“दाजी, सगळे दगड खाणीच्या एकाच भिंतीतून काढलेत.”

“म्हणजे मी खोटा? उद्यापासून तुझी गाडी माझ्या दारात नको. आणि तूही नको.”

खाणवाला खाली वाकला. माझ्या तुटक्या जागेवर त्यानं ओला अंगठा फिरवला. थर उभे! एका क्षणात त्याला सगळं समजलं. मला वाटलं, आता हा बोलणार. त्यानं बहिणीकडे पाहिलं, अंगठा विजारीला पुसला आणि म्हणाला, “असेल दाजी. दगडच खराब असेल.”

मित्रांनो, त्या घटकेला मला पाय फुटले असते, तर मी सगळ्यांना लाथाडलं असतं! ही कसली माया? एकाचा मान राखायला दुसऱ्यानं घर गमवायचं, आणि खापर कुणावर, तर ज्याला तोंड नाही त्याच्यावर! आमची काळजी घ्या, शेवाळ काढा, पाला झाडा, हे मी सांगेनच. पण त्याआधी एवढं करा: चुकतं कुठे ते उघड बोला. न बोलल्यानं माणूस सांभाळला जात नाही, आणि दगडही फुटतो.

खाणवाल्यानं टोपी उचलली. तो फाटकाकडे वळला, तशी मुलगी आईच्या कानाला लागली. “आई, मी तर ह्याला फिरवला होता.”

“अगं बाई! मीही फिरवला गं.”

कारागिराचे कान अजून तिखट आहेत. “काय फिरवला? माझा दगड तुम्ही कशाला फिरवता?”

खाणवाला फाटकाची कडी धरून थबकला. आईनं त्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि हातातली छिन्नी ठोकळ्यावर आदळली.

“कारण तुम्हाला दिसत नाही हो. कधीचं दिसत नाही.”