बासूमामाचं खेचर

“चार पायांचं काहीही पुढे जाणार नाही,” असं म्हणत बासूमामाने काठी वाटेवर आडवी धरली. मी त्याचा सख्खा भाचा, गावातला वाटाड्या. बरोबर कासाब्लांकाहून डोंगर बघायला आलेले चार पाहुणे. आणि सामान लादलेलं खेचर तर खुद्द मामाचंच, मामीकडून मागून आणलेलं. तरी नाही म्हणजे नाही.

कुरण उघडायला अजून दोन दिवस होते. बर्फ वितळल्यापासून गवत वाढू द्यायचं आणि ठरल्या दिवशी सगळ्या खोऱ्याची जनावरं एकदम आत सोडायची, हा आमच्याकडचा रिवाज. तोवर राखण मामाची. एकोणीस उन्हाळे तो हेच करत आला होता. मामी म्हणायची, लग्न माझ्याशी केलं आणि संसार गवताशी.

पाहुण्यांना कुरणापलीकडच्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा होता. त्यांच्यातल्या घीताबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी विचारलं, मग माणसांचं काय?

“दोन पायांचे जा की,” मामा म्हणाला. “फक्त चरू नका.”

पाहुणे हसत हसत सामान पाठीवर घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत घीताबाईंना धाप लागली. मामाला राहवलं नाही. त्याने त्यांचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि गाणं गुणगुणत पुढे चालू लागला. खेचर मी मागे दगडाला बांधून ठेवलं होतं, पण माझ्या गाठींबद्दल गावात फारसं बरं बोललं जात नाही. मालक लांब जाताना दिसला तसं ते सुटून मागोमाग आलं आणि कुरणाच्या मधोमध थांबून निवांत चरू लागलं.

पाहुण्यांनी कौतुकाने फोटो काढले. मामा वळला, बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग मटकन खाली बसला. नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. ज्याचं जनावर शिरेल त्याने गावजेवण घालायचं, आणि राखणदाराचंच शिरलं तर राखणही सोडायची.

मी त्याला समजावलं, की गाठ माझी होती, आजूबाजूला चिटपाखरू नाही, गावात सांगणार कोण?

“तूदाची शेळी शिरली तेव्हा तीही हेच म्हणाली होती,” मामा म्हणाला. “नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तिचा. तरी मी तिला गावजेवण घालायला लावलं. आता कुठल्या तोंडाने गप्प बसू, हद्दू?”

मला माझीच लाज वाटली. मामाने खेचर बाहेर काढलं, काठी माझ्या हातात दिली आणि खाली गावात जाऊन पंचांना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गावजेवण झालं. मामीने मामाचा उद्धार करत करत तीन मोठी पातेली कुसकुस शिजवली, तळ्यावरून खाली आलेल्या घीताबाईंनी सलगम सोलले. तूदा सगळ्यांत आधी येऊन बसली, तीनदा वाढून घेतलं आणि वर मटणात मीठ कमी आहे म्हणाली. मामा तिला स्वतः वाढत होता. संध्याकाळी ढोल वाजले आणि पाहुणेसुद्धा आमच्या रांगेत खांद्याला खांदा लावून नाचले. इतकं हसू मी गावात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि कुरण उघडलं. मेंढ्या, शेळ्या, गाई, सगळ्यांची ही दाटी. पंचांनी नेमलेला नवा राखणदार जरा भांबावलेलाच होता. मामा खेचराची दोरी धरून गर्दीत दिसला तसा तो ओशाळून बाजूला झाला.

“बासूमामा, तुम्ही आधी जा.”

“रांग आहे ना,” मामा म्हणाला, आणि तूदाच्या शेळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.