चुकले. परत.

"तुझा सर्व्हर गेला की माझं मशीन गेलं?"

हेडक्लार्क दारातच उभे होते. मी अजून चप्पलही काढली नव्हती.

मी पडदा बघितला. काळा. वरच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. आत्याची सगळी पुस्तकं त्याच मशीनमध्ये होती, आणि दुसरीकडे कुठेच नव्हती.

हे दृष्टी नसलेल्या माणसांचं वसतिगृह. वर ऑफिस, खाली खुर्च्या विणायची कार्यशाळा. माझी आत्या कित्येक वर्षं दुपारची इथल्या लोकांना पुस्तकं वाचून दाखवायला यायची. आधी समोर बसून वाचायची. मग कुणीतरी ऑफिसच्या कॉम्प्युटरला माइक लावून दिला आणि ती रेकॉर्ड करायला लागली. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर शिवणयंत्राची माहितीपुस्तिका. कुणीतरी मागितली म्हणून. तीसुद्धा तिने जीव ओतून वाचली.

तिची एक पद्धत होती. वाचताना अडखळली की रेकॉर्डिंग थांबवायची नाही. शांतपणे म्हणायची, "चुकले. परत." आणि ते वाक्य पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, आत्या, हे कापून टाकता येतं गं. ती म्हणाली, "तेव्हा मला येत नव्हतं. आता येतं, तर यांना सवय झालीय."

ऐकायचं तर मात्र जिना चढून ऑफिसात यायचं, हेडक्लार्कच्या शेजारी बसायचं, हेडफोन लावायचा. एका वेळी एकच माणूस. हेडक्लार्क पगारपत्रकं करतायत आणि शेजारी कुणीतरी एकटंच खो खो हसतंय, असा कारभार.

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते माझ्याकडे न बघता आत्याला म्हणाले, "जाणार." घरी येताना जिन्यात थांबून ती म्हणाली, "अरे, ती पुस्तकं सगळ्यांना आपापल्या जागी ऐकता येतील असं काही जमेल का? माझ्या ऑपरेशनच्या आत. एकदा ते ऐकतायत हे बघितलं की मी मोकळी."

मी हे कुठे शिकलेलो नाही. मोडत मोडत शिकलोय. पण म्हटलं, जमेल. सर्व्हर करू. प्रत्येकाकडे मोबाइल आहेच, तो पुस्तक मागेल, सर्व्हर देईल.

नवीन मशीन घ्यायची ऐपत संस्थेची नव्हती. हेडक्लार्कनी अट घातली, "माझं मशीन उघडायचं नाही, आतलं काही हलवायचं नाही." म्हणून ठरलं, सर्व्हरची सिस्टीम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर टाकायची. ऑफिस सुटल्यावर ड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की ते सर्व्हर. सकाळी ड्राइव्ह काढला की पुन्हा हेडक्लार्कचं.

"म्हणजे पाहुणा," ते म्हणाले. "मुक्कामाला येणार, सकाळी जाणार."

"हो. आणि तुमच्या भांड्याला हात लावणार नाही."

आदल्या दिवशी संध्याकाळी मी बसलो. एका पेनड्राइव्हवरून बाहेरच्या ड्राइव्हवर सिस्टीम चढवायला घेतली. आत्या शेजारी, आणि खुर्च्या विणायला शिकवणारे काका तिच्या पलीकडे. ते जन्मापासून बघू शकत नाहीत, पण कुठे काय चाललंय हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

"यात चित्रं नाहीत?" आत्याने विचारलं. "नुसती अक्षरं?"

"सर्व्हरला चित्रं लागत नाहीत."

"मग आमच्यातलाच आहे," काका म्हणाले.

मी बरोबर ड्राइव्ह निवडला होता. दोनदा बघून. एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. सिस्टीम बाहेरच्या ड्राइव्हवर गेली, पण मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम तिने परस्पर आतल्या डिस्कवर टाकला. सकाळी ड्राइव्ह काढल्यावर तो प्रोग्रॅम घरातच नसलेल्या पाहुण्याला हाका मारत बसला.

हे मला मोबाइलवर शोधून कळलं. आत्याला फोन करून बोलावलं. ती आली, पडदा बघितला.

"पुस्तकं?"

"असतील. फक्त दार सापडत नाहीये." मी आवाज खाली आणला. "पण आत्या, हेडक्लार्कना सांगू का, की वीज गेली होती, त्याने झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग हेडक्लार्ककडे वळली. आवाज आधीच खरखरीत झाला होता, तरी वाक्य स्वच्छ.

"आमचं चुकलं. परत करतो."

मी ओरड्याची वाट बघत होतो. पण हेडक्लार्क म्हणजे कित्येक वर्षं या बाईला शेजारच्या खुर्चीवर हेच म्हणताना ऐकलेला माणूस. ते म्हणाले, "करा मग. आता काय करणार?"

"आधी तुमचं मशीन पहिल्यासारखं करतो. मग पेटी उघडून आतल्या डिस्कची वायर काढून ठेवतो आणि सगळं नव्याने टाकतो. सिस्टीमला आतलं दिसलंच नाही तर तिथे हात जाणार नाही."

"उघडायचं नाही असं म्हटलं होतं मी."

"हो."

"स्क्रू हरवू नको," ते म्हणाले आणि स्वतःच्या चहाची बशी रिकामी करून माझ्यापुढे ठेवली. स्क्रू ठेवायला.

दुपारपर्यंत त्यांचं मशीन सुरू झालं. आत्याची पुस्तकं जागच्या जागी होती. वायर काढली, ड्राइव्ह पुसला, पुन्हा पहिल्यापासून. मग वायर जोडून पुस्तकांची एक प्रत ड्राइव्हवर घेतली. संध्याकाळी खालून काकांची हाक आली, "बाई, तुम्ही माझ्या खिशातून बोलताय." आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत राहिली. हेडक्लार्क घरी न जाता थांबले होते. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ड्राइव्ह काढला, मशीन लावलं. लागलं.

ऑपरेशन झालं. बरी झाल्यावर आत्या पुन्हा तिथे जायला लागली, त्याच दुपारच्या वेळेला. वाचायला नाही, विणायला. काका शिकवतात. आता तिला बोलता येत नाही आणि त्यांना दिसत नाही, त्यामुळे धडा सगळा हातांवर चालतो. काका म्हणतात, "एवढी गप्प विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच मिळाली." ती त्यांच्या मनगटावर चापटी मारते.

परवा तिला आणायला गेलो तेव्हा ऑफिस सुटलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यातून मोबाइल चालू होते. कुणाचा प्रवास, कुणाचा खून, सगळ्यांत तिचाच आवाज, भरलेला, जुना. ती गळ्याला पंचा गुंडाळून मान खाली घालून बसली होती. काकांनी तिच्या विणीवरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबवली.

काकांच्या खिशातून आवाज आला, "चुकले. परत."

आत्याने वीण उसवायला घेतली.