जास्त धोक्यात कोण?

प्राणिसंग्रहालयातली झाडं माझ्याकडे आणि माकडं माझ्या धाकट्या दिरांकडे. एका घरातली दोन माणसं एकाच कुंपणाच्या आत नोकरीला ठेवू नयेत, हे कोणाला तरी आधीच सुचायला हवं होतं.

भाऊजींचं एक माकड माझ्या एका झाडाची पालवी ओरबाडून खायचं. शेवटी संचालक म्हणाले, "दोघांपैकी एकाला हलवू. जास्त धोक्यात असेल ते इथेच राहील. वर्गीकरणाचा तक्ता भरून आणा."

झाड हलवलं तर मरणार, हे मला ठाऊक होतं. माकड गेलं तर भाऊजी अन्नपाणी सोडणार, हेही ठाऊक होतं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

यादीत दोन्ही नुसती 'संकटग्रस्त'. मग भाऊजींनी शोध लावला. "वहिनी, याच्या भुवया पांढऱ्या आहेत! ही वेगळी उपप्रजाती. जगात फक्त दोनशे."

मी काय हातावर हात धरून बसते? भिंग घेऊन गेले. पानांच्या मागे लव सापडली. वेगळी उपप्रजाती, जगात चाळीस. त्यांनी शेपटी मोजली आणि बारावर आले. मी देठ मोजले आणि तीनवर आले. शनिवारपर्यंत माकड आणि झाड दोन्ही जगात एकुलती एक झाली होती, कुळासकट.

"आता माकडाचीही गणना झाडांतच करा आणि जेवायला वाढा," आमचे हे म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

संचालकांनी तक्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि दोन्ही नावांपुढे लाल शाईने एकच शेरा मारला: 'माहिती अपुरी'.

"माकड रोज किती पानं खातं ते दोघंही वेगवेगळं मोजा. तुमचे आकडे जुळले की निर्णय घेऊ. तोवर कोणी हलायचं नाही."

पहिल्या संध्याकाळी भाऊजींचा चेहरा एवढासा झाला होता.

"वहिनी, तुमची किती?"

"एकतीस."

"माझीही."

आकडे जुळले होते, म्हणजे आता एक जाणार. भाऊजी शाळेत होते तेव्हापासून माझ्या हातचं जेवताहेत. मला एकदम भरून आलं.

"मी चाळीस लिहिते," मी म्हटलं.

"मग मी एकवीस."

याला तीन वर्षं झाली. भाऊजी माकडाला आधी पोटभर चारतात, मगच बाहेर सोडतात. मग आम्ही दोघं झाडाखाली बसतो आणि मन लावून माहिती अपुरी ठेवतो.