जहाजावरची म्हातारी

"म्हातारीला मारावंच लागेल," संपादक फोनवर म्हणाले.

"मारते हो. पण थोडा वेळ द्या, या आठवड्यात नाही जमणार," ती म्हणाली आणि तिने समोर पाहिलं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीपलीकडे गढूळ पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले गृहस्थ दोन पावलं मागे सरकले होते.

"गोष्टीतली म्हातारी," तिने घाईघाईने सांगितलं. "बोला, कधीपासून गढूळ येतंय?"

बावीस वर्षं ती त्या खिडकीत बसत होती आणि चौदा वर्षं विज्ञानकथा लिहीत होती. लिखाण सकाळी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, एका हाताशी भाजी आणि दुसऱ्या हाताशी वही. कुकर लावला की तीन शिट्ट्यांत एक परिच्छेद. एकदा परग्रहावरच्या लढाईच्या नादात सातवी शिट्टी झाली, आणि त्या दिवशी घराने जे खाल्लं त्याला नाव नव्हतं. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. तो तिच्या कथा वाचत नसे. चार ओळी झाल्या की त्याला जांभया येत. पण कथेतलं एखादं यंत्र अडलं की ती त्यालाच विचारी, आणि तो जेवता जेवता चमचे-वाट्या मांडून जोडणी समजावी.

राहता राहिल्या सासूबाई. "हिचं ते आभाळातलं खूळ" म्हणण्यात त्यांची दहा-अकरा वर्षं गेली. मग नजर गेली, आणि रविवारची दुपार कशी ढकलायची हा प्रश्न पडला. तेव्हापासून त्या पाठीशी उशी घेऊन पलंगावर तयार बसत आणि सून साप्ताहिकातला आपला भाग वाचून दाखवी. एक जहाज, चाळीस माणसं, नव्या ग्रहाकडे अकरा वर्षांचा प्रवास. त्यात तिने एक म्हातारी टाकली होती, दोन ओळींपुरती. म्हातारी दोन ओळींत मावेना. ती कप्तानाला नखं कापायला लावी, यंत्रमानवाला "मेल्या, आधी पाय पूस" म्हणून दारातच अडवी. वाचकांची पत्रं येत ती तिचीच चौकशी करणारी.

ही म्हातारी कुणावरून बेतली, हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही. "या आठवड्यात मी काय केलं?" असंच सासूबाई विचारत.

संपादकांचं खोटं नव्हतं. सगळेच हसतखेळत पोचले तर मग अकरा वर्षं सोसलं ते कशासाठी? ते बरोबर बोलत होते, हेच तिला जास्त टोचत होतं.

जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "जहाजावर ऊब कमी पडतेय. सगळ्यांना पुरत नाही. काय करता येईल?"

"सोपं आहे. फ्रीज म्हणजे तरी काय? आतली ऊब उचलायची आणि बाहेर टाकायची. तसंच एका खोलीतली काढायची, दुसरीत सोडायची. ती एक खोली मात्र गारठणार."

"त्या खोलीत कुणी असलं तर?"

"कोण कशाला असेल?" म्हणत त्याने भातासाठी ताट पुढे केलं.

लिहायला तीन सकाळी लागल्या. म्हातारी आपल्या खोलीची ऊब लहान मुलांच्या खोलीकडे वळवते आणि दाराला कडी लावून घेते. लिहिताना सून नाक ओढत होती. "किती कांदा चिरतेस गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

अंक छापून आला त्या रविवारी तिने तो पलंगाजवळ उघडून धरला आणि त्यातला एक शब्दही न वाचता मनानेच गोष्ट रचली. जहाज पोचलं, म्हातारी सगळ्यांत आधी उतरली आणि "इथे कुणी झाडत नाही वाटतं" म्हणाली. सासूबाई हसल्या. मग जरा थांबून "बरं," म्हणाल्या.

बुधवारी कार्यालयाचे फोनच बंद पडले. खिडकीशीही कुणी फिरकेना म्हणून साहेबांनी सगळ्यांना चारलाच सोडलं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून नवऱ्याचा आवाज येत होता, जोडाक्षरांना ठेचकाळणारा.

"तिने कळ फिरवली. खोलीतली ऊब... खोलीतली ऊब पलीकडे..." तो थांबला. "आई, हे नको वाचायला. आणि ही युक्ती मीच सांगितली हिला. मला काय माहीत, ती कुणासाठी..."

"वाच की रे. मी इथेच आहे."

त्याला ते जमलं नाही. दारातल्या बायकोला पाहून त्याने अंक तिच्या हातात दिला आणि तो स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "रविवारी पान उलटायला विसरलीस तू. एवढी मोठी गोष्ट एकाच पानात कशी मावली, म्हटलं बघू तरी."

"चुकलं माझं, आई."

"काय चुकलं? मारलंस ते, का फसवलंस ते?"

ती पलंगाजवळ येऊन उभी राहिली.

"मारलंस ते काही वाईट नाही केलंस. पोरांच्या उपयोगी पडले मी. पण मला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतंस. जीव माझा होता." त्यांनी हात पुढे करून चाचपला, तिच्या खांद्यावरचा पिशवीचा बंद सापडला, तो उतरवून पिशवी आपल्या मांडीवर घेतली. "दमून आली असशील. बस, आणि आता नीट वाच. याने सगळं चिरडून टाकलंय."

तिने पहिल्यापासून वाचलं. एकदाच सासूबाईंनी तिला थांबवलं.

"कडी आतून लावली ना?"

"आतून."

"हां. नाहीतर तो कप्तान आला असता मधे मधे करायला."

तिने पान उलटलं. स्वयंपाकघरातला नळ कधीचा बंद झाला होता, पण नवरा बाहेर आला नव्हता. शेवटची ओळ वाचून तिने अंक मिटला.

"पोचले ना सगळे?" सासूबाईंनी विचारलं.

"पोचले. एकोणचाळीस."

"मुलं?"

"सगळी."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पिशवी धरून, आपलं ठिकाण यायची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या, बराच वेळ ताठ बसून राहिल्या.